इओसिनोफिल ओळखायचा कसा आणि मोजायचा कसा: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस काउंटरवरच कागद उलगडतो, एका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "दादा, इस्नोफिलिया निघाला ना?" हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की लोक त्याला मलेरिया-टायफॉइडच्याच पंगतीला बसवतात. पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं लॅब सांभाळतो आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नुकतीच कामाला लागलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. माझा हट्ट एकच: नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. पेशी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि तिचा निव्वळ आकडा काढा.

आधी पेशीची ओळख करून घ्या

इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी, आणि ती वाढली की लोक म्हणतात तो "इस्नोफिलिया". इओसिनोफिल तयार होतो हाडांच्या मज्जेत. इंटरल्यूकिन-५ नावाचं प्रथिन त्याला वाढवतं आणि रक्तात उतरवतं. रक्तात तो फार रेंगाळत नाही, ८ ते १८ तासच. मग रक्तवाहिनीच्या भिंतीतून निसटून आतड्यात, त्वचेत, फुप्फुसात मुक्कामाला जातो आणि तिथे काही दिवस, कधी काही आठवडे राहतो. शरीरातले बहुतेक इओसिनोफिल असे रक्ताबाहेरच असतात. आपण मोजतो ते म्हणजे एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे असलेले प्रवासी. गावात एकूण माणसं किती, याचा त्यावरून अंदाज तेवढा येतो.

नाव पडलं रंगावरून. पाउल एरलिख या जर्मन डॉक्टरने १८७९ मध्ये रक्ताच्या पेशींवर कापडाच्या धंद्यातले नवे रंग टाकून बघितले. इओसिन नावाचा लालसर रंग काही पेशींच्या दाण्यांनी अधाशासारखा ओढून घेतला, म्हणून त्या इओसिनोफिल. इओस ही ग्रीकांची पहाटेची देवता, म्हणजे आपली उषाच. चांगली रंगलेली स्लाइड बघितलीत की हे नाव का दिलं ते कळतं. यात रसायन साधं आहे: दाण्यांतली प्रथिनं अल्कधर्मी, इओसिन आम्लधर्मी, म्हणून दोघांचं जमतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे स्टेनिंग बिघडेल तेव्हा कारण इथेच सापडेल.

आता हे दाणे कशासाठी? न्यूट्रोफिल ही दुसरी पांढरी पेशी जंतू गिळते. पण पोटातला जंत वीतभर लांब, आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी अळीसुद्धा पेशीच्या मानाने अजगरच. तिला गिळणार कोण? शरीर त्या अळीला आधी प्रतिपिंडं चिकटवतं, मग इओसिनोफिल तिच्याभोवती दाटीने चिकटतात आणि आपले दाणे तिच्या अंगावर रिते करतात. त्यात मेजर बेसिक प्रोटीन असतं, ते अळीच्या आवरणाला भोकं पाडतं. पेरॉक्सिडेज असतं, ते ब्लीचिंग पावडरच्या जातकुळीचं जहाल रसायन बनवतं. शिवाय कॅटायॉनिक प्रोटीन आणि न्यूरोटॉक्सिन ही आणखी दोन. हाच दारूगोळा दम्यात श्वासनलिकेच्या अस्तरावर सांडतो. अस्तर सोलवटतं, नळी चिडते, माणूस धापा टाकतो. शत्रू नसताना तोफा डागल्यावर घराच्याच भिंती पडणार.

इओसिनोफिल जंत मारतो ही पुस्तकातली ओळ पाठ कराच, पण ती पूर्ण गोष्ट आहे असं समजू नका. स्नायूत घर करणाऱ्या ट्रायकिनेला या जंताच्या बाबतीत, उंदरांवरच्या प्रयोगात, इओसिनोफिल असताना अळ्या उलट जास्त जगल्या.

सुई टोचण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न गोळ्यांचा. "दम्यासाठी, अंगाला खाज सुटते म्हणून, सांधे दुखतात म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचे इओसिनोफिल काही तासांत खाली येतात. मेडिकलमधून सुट्या आणलेल्या छोट्या पांढऱ्या गोळ्यांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड निघणं आमच्याकडे नवलाचं नाही. पेशंटला नाव सांगता येत नसेल तर पाकीट आणायला सांगा.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि तो स्वतःलाच विचारायचा. इओसिनोफिल सकाळी कमी असतात, रात्री वाढतात, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, सकाळी चढलेलं असतं. एकाच माणसाची तपासणी आज सकाळी ८ ला आणि पुढच्या महिन्यात संध्याकाळी ७ ला केलीत तर फरक औषधाचा की घड्याळाचा, ते डॉक्टरांना कळणार नाही. रजिस्टरमध्ये वेळ लिहा. परत येणाऱ्या पेशंटला त्याच वेळेला बोलवा.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए व्हायलमध्ये (ईडीटीए रक्त गोठू देत नाही) घ्या आणि हळू ८-१० वेळा उलटंपालटं करा. खळखळून हलवू नका.

स्मिअर

स्मिअर, म्हणजे काचेच्या स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, शक्यतो दोन तासांच्या आत काढा. थेंब लहान, खसखशीच्या चार-पाच दाण्यांएवढा. स्प्रेडर ३० ते ४५ अंशांत धरून थेंबाला टेकवा, रक्त कडेने पसरू द्या, मग न थांबता एका दमात पुढे न्या. जिभेच्या आकाराचा, शेवटी पातळ होत गेलेला आणि स्लाइडच्या दोन्ही कडा सोडून बसलेला स्मिअर हवा. रक्तक्षय असलेल्या माणसाचं रक्त पातळ असतं, तिथे कोन जरा वाढवा. नाव आणि नंबर जाड भागावर पेन्सिलीने. मार्कर पेनाची शाई मिथेनॉलमध्ये वाहून जाते आणि मग कोणाची स्लाइड कोणाची, हा खेळ सुरू होतो.

पावसाळ्यात स्मिअर लगेच हलवून वाळवा. दमट हवेत ती हळू वाळते आणि तांबड्या पेशींत चमकणारी भोकं दिसू लागतात. स्टेनच्या बाटलीचं बूच उघडं राहिलं तरी हेच होतं, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतो.

रंग चढवणं

आपल्याकडे बहुतेक लॅबमध्ये लिशमन स्टेन चालतो. मेथिलीन ब्लूच्या कुळातले निळे रंग आणि इओसिन, दोन्ही मिथेनॉलमध्ये.

स्लाइड रॅकवर आडवी ठेवा आणि स्मिअर झाकला जाईल एवढे, ८-१० थेंब, स्टेन टाका. २ मिनिटं थांबा. या दोन मिनिटांत मिथेनॉल पेशी काचेला पक्क्या करतो. मग दुप्पट बफर, म्हणजे आम्ल-अल्कतेची पातळी (पीएच) ६.८ वर धरून ठेवणारं द्रावण, आणि ड्रॉपरने हळू फुंकून दोन्ही मिसळा. वर सोनेरी-हिरवी साय धरली की मिश्रण नीट झालं. ७ ते १० मिनिटांनी पाण्याची बारीक धार सोडा आणि साय धारेबरोबर वाहून जाऊ द्या. आधी स्टेन ओतून टाकून मग धुतलंत तर साय स्मिअरवरच बसते आणि सगळीकडे काळे ठिपके. स्लाइडची मागची बाजू पुसा, ती उभी ठेवून वाळवा.

बफरवर मी इतका जोर का देतो, तर माझी स्वतःची फजिती. कामाला लागून तीन-चार महिने झाले असतील. बफर संपला होता, मी बोअरचं पाणी वापरलं. पाणीच तर आहे, म्हटलं. आमच्या बोअरचं पाणी असं जड की किटलीत पांढरा थर धरतो. ते अल्कधर्मी पाणी पडल्यावर इओसिनला वाव राहिला नाही. तांबड्या पेशी पाटीच्या रंगाच्या दिसत होत्या आणि इओसिनोफिलच्या दाण्यांवर नारिंगीऐवजी राखाडी-निळी झाक. मी ते न्यूट्रोफिल म्हणून मोजले आणि २ टक्के लिहून मोकळा झालो. संध्याकाळी सरांनी दुसरी स्लाइड बफरने रंगवली तेव्हा १४ टक्के निघाले. सर रागावले नाहीत, फक्त दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवून मला अर्धा तास बघत बसवलं. तेव्हापासून मोजायच्या आधी मी तांबड्या पेशींचा रंग बघतो. त्या गुलाबी असतील तरच पुढे. निळसर असतील तर नवी स्लाइड.

मायक्रोस्कोपखाली

१० च्या लेन्सवर स्मिअर कशी पसरली आहे ते बघा. ४० वर जागा निवडा: तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या, एकावर एक चढलेल्या नाहीत अशी. मग तेलाचा थेंब आणि १०० ची लेन्स.

इओसिनोफिल १२ ते १७ मायक्रॉनचा, म्हणजे शेजारच्या तांबड्या पेशीच्या जवळपास दुप्पट. केंद्रक बहुतेक वेळा दोन पाकळ्यांचं, मधे बारीक धाग्याने जोडलेलं. आमच्याकडे त्याला सरळ "चष्मा" म्हणतात. पण ओळख पटवायची ती दाण्यांवरून. ते ठळक, गोल, सगळे एका मापाचे, केशरी-लाल आणि पेशीत गच्च भरलेले असतात, तरी केंद्रकाच्या अंगावर सहसा चढत नाहीत. फाइन फोकस अगदी थोडा पुढे-मागे करा, दाणे चमकल्यासारखे वाटतील. डाळिंब सोलल्यावर दाणे जसे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, तसं काहीसं. तीन पाकळ्यांचा इओसिनोफिलही भेटतो, म्हणून चष्मा दिसला नाही एवढ्यावरून त्याला नाकारू नका.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. जोरदार जंतुसंसर्गात न्यूट्रोफिलचे दाणे गडद होतात, पण ते जांभळट, बारीक आणि कमी-जास्त मापाचे असतात. बेसोफिलचे दाणे मोठे खरे, पण काळपट जांभळे, आणि केंद्रकावर शाई सांडावी तसे पसरलेले. कधी कधी इओसिनोफिलचे दाणे थोडे रिकामे होऊन आत पोकळ्या दिसतात. तरीही उरलेल्या दाण्यांचा रंग बघून तो इओसिनोफिलच धरायचा.

शौचाच्या किंवा बेडक्याच्या तपासणीत दोन्ही टोकं अणकुचीदार असलेले, होकायंत्राच्या सुईसारखे स्फटिक दिसले तर थांबा. ते शारको-लायडन स्फटिक. इओसिनोफिल फुटले की त्यांच्यातल्या गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे ते बनतात. पेशी गेल्या तरी ती खूण मागे राहते. रिपोर्टमध्ये जरूर लिहा.

मोजणी

मोठ्या पेशी स्मिअर ओढताना कडेला आणि शेपटाकडे ढकलल्या जातात. म्हणून एकाच पट्ट्यात सरळ चालत जाऊ नका. किल्ल्याच्या तटावर चर्या असतात तसं चाला: तीन फील्ड कडेने, दोन आत, दोन कडेला समांतर, दोन परत बाहेर. १०० पेशी मोजणं ही रीत आहे, पण संख्याशास्त्र निर्दय असतं. १०० पेशींत ५ इओसिनोफिल मिळाले तर खरा आकडा साधारण २ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आकडा संशयास्पद वाटला तर २०० मोजा. कंटाळा येतो, माहीत आहे.

आता निव्वळ आकडा, म्हणजे दर मायक्रोलिटर रक्तात इओसिनोफिल किती. त्याला आपण एईसी (ॲब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट) म्हणतो. एकूण पांढऱ्या पेशींना इओसिनोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि १०० ने भागा. एकाच्या पांढऱ्या पेशी ४,००० आणि इओसिनोफिल १० टक्के: ४००. दुसऱ्याच्या १२,००० आणि ८ टक्के: ९६०. टक्के वाचणारा पहिल्याला घाबरवेल आणि दुसऱ्याला त्यापेक्षा बरा म्हणेल. प्रत्यक्षात पहिला ठीक आहे, दुसऱ्याकडे लक्ष द्यायला हवं.

डॉक्टरांनी थेट मोजणी मागितली तर डंगरचं द्रावण करा: इओसिनचं पाण्यातलं द्रावण, ॲसिटोन आणि डिस्टिल्ड वॉटर. ॲसिटोन बाकीच्या पेशी विरघळवतो, इओसिनोफिल लाल होऊन उरतात. ०.१ मिलि रक्त, ०.९ मिलि द्रावण. न्यूबॉअर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) भरून ओल्या कापसासोबत झाकलेल्या पेट्री डिशमध्ये १० मिनिटं ठेवा, म्हणजे द्रव सुकत नाही आणि पेशी तळाला बसतात. नऊच्या नऊ मोठे चौकोन मोजा. त्यांचं मिळून आकारमान ०.९ मायक्रोलिटर. मिळालेल्या पेशींना १० ने गुणून ०.९ ने भागायचं. ३६ पेशी मिळाल्या तर ४००. द्रावणात मिसळल्यावर अर्ध्या तासाच्या आत काम संपवा, पुढे इओसिनोफिलही फुटू लागतात.

मशीन असेल तर मशीनचा आकडा घ्या, पण जास्त आला की स्मिअर बघाच. काही मशीनवर मलेरियाच्या पेशंटमध्ये गंमत होते. न्यूट्रोफिलने गिळलेला मलेरियाचा काळपट रंगकण प्रकाश वेगळा वळवतो आणि मशीन त्याला इओसिनोफिल समजतं. मशीन २० टक्के सांगतं, स्लाइडवर २. अशा वेळी त्याच स्लाइडवर मलेरियाचे परजीवी शोधा.

आकडा काय सांगतो

निरोगी मोठ्या माणसात दर मायक्रोलिटरला साधारण ४० ते ४४० इओसिनोफिल असतात. लॅबप्रमाणे सीमा थोड्या हलतात. ५०० च्या वर गेले की इओसिनोफिलिया म्हणायचं. १,५०० च्या वर गेले तर प्रकरण गंभीरपणे घ्यायचं, कारण इतके इओसिनोफिल फार दिवस टिकले तर हृदयालाही इजा करू शकतात.

वाढण्याची कारणं आपल्याकडे बहुतेक दोन गटांत: ॲलर्जी आणि जंत. दमा, सततची सर्दी-शिंका, इसब, एखाद्या औषधाची रिअॅक्शन हा पहिला गट. दुसऱ्यात हूकवर्म, गोल जंत, स्ट्राँगिलॉइडिस, फायलेरिया. जंत ऊतींमधून प्रवास करत असतो तेव्हा आकडा जास्त चढतो. आतड्यात नुसता पडून असलेला जंत फारसा चढवत नाही. अमीबा, जिआर्डिया, मलेरिया हे एकपेशी परजीवी सहसा इओसिनोफिल वाढवत नाहीत. शौचाची एक तपासणी निल आली म्हणून जंत नाहीत असं ठरत नाही, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागा.

स्ट्राँगिलॉइडिसचं नाव मुद्दाम काढलं. हा जंत शरीरातच पिढ्या काढतो, वर्षानुवर्षं राहतो. अशा माणसाला इओसिनोफिल वाढले म्हणून कोणी भरपूर स्टेरॉइड दिलं तर इओसिनोफिल खाली येतात आणि जंत शरीरभर उधळतात. त्यातून जीव जाऊ शकतो.

आता आमच्या भागातला विषय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा हत्तीरोगाचा पट्टा. फायलेरियाचे सूक्ष्म जंत रात्री रक्तात येतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री दहानंतर घरोघरी बोटातलं रक्त घेत फिरतात. पण काही माणसांत शरीर या सूक्ष्म जंतांवर इतकं तुटून पडतं की ते फुप्फुसातच अडकून मरतात आणि रक्तात सापडतच नाहीत. माणूस रात्री खोकून बेजार, वजन उतरलेलं, एक्स-रेवर बारीक ठिपके, आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर. फ्रिमॉट-म्योलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये भारतातल्या अशा पेशंटचं वर्णन केलं तेव्हा त्यांना हे क्षयासारखं भासणारं दुखणं वाटलं. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया नाव दिलं. लोकांच्या तोंडचा "इस्नोफिलिया" बहुधा इथूनच घरोघरी पोचला. अजूनही असा पेशंट क्षयाचा समजून बेडका तपासायला येतो. बेडका निगेटिव्ह, खोकला रात्रीचा, एईसी काही हजारांत: हे तिन्ही एका कागदावर आले की डॉक्टरांना फोन करा. औषध त्यांनी ठरवायचं, पण दुवा आपल्या हातात असतो.

उलटं टोकही बघायला शिका. अंगात ताप आहे, पांढऱ्या पेशी कमीच आहेत आणि २०० पेशी मोजूनही एक इओसिनोफिल दिसत नाही, तेव्हा टायफॉइड मनात येऊ द्या. तेवढ्यावरून निदान होत नाही, कल्चर लागतंच. बाकी तीव्र आजारातही इओसिनोफिल गायब होतात. पण शून्य हाही आकडा आहे. तो रिकामी जागा सोडून किंवा सवयीने "१" लिहून बुजवू नका. नवशिके हे हमखास करतात, कारण कोरा शून्य त्यांना चूक वाटतो.

रिपोर्ट आणि त्यानंतर

टक्के आणि एईसी दोन्ही लिहा. खाली एका ओळीत स्मिअरवर काय दिसलं ते लिहा. परजीवी शोधले आणि सापडले नाहीत, तर तेही. पेशंटने काउंटरवर विचारलं तर एवढंच सांगा: "ही रक्तातली एक पेशी आहे, ती वाढली आहे. का वाढली ते डॉक्टर बघतील." शेजारच्याला दिलेल्या जंताच्या गोळ्या याला सुचवायच्या नाहीत.

स्लाइडवरचं तेल टिश्यूने टिपून घ्या, घासू नका. तारखेच्या डब्यात उभी ठेवा. मी महिनाभर ठेवतो. संध्याकाळी सहा-सव्वासहाला डॉक्टरांचा फोन येतो, "अहो, तो एईसी साडेचार हजारवाला, जरा परत बघता का?" मग डबा काढायचा, पेन्सिलीचा नंबर वाचायचा, आणि पहिल्यांदा तांबड्या पेशींचा रंग बघायचा.